आठ त्रेचाळीसच्या अलीकडे

या प्रवासाला एकच अट आहे. भूतकाळात हवं तिथे उतरा, पण जिथे कुणीतरी काही पाहिलं किंवा ऐकलं आणि ते नोंदवून ठेवलं, तिथेच. त्यामुळे विमानाच्या कॉकपिटमध्ये तुम्हांला बसता येणार नाही. आधीच सांगून ठेवतो, मागाहून कुरकुर नको. विमानासह हरवलेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या शेवटच्या वीस तासांचं कॉकपिटमधलं वर्णन ज्यांनी ज्यांनी रंगवलं आहे, त्यांनी विनातिकीट प्रवास केला आहे.

तर, लाए. न्यू गिनीचा किनारा, शुक्रवार, २ जुलै १९३७, सकाळचे दहा वाजत आले आहेत. कपडे अंगाला चिकटावेत असा दमट उकाडा. गाव नावापुरतंच, पण विमानतळ गजबजलेला. डोंगरापलीकडे बुलोलोला सोन्याच्या खाणी आहेत आणि तिकडे जायला धड रस्ता नाही. म्हणून गाळ उपसण्याची अजस्र यंत्रंसुद्धा सुटी करून युंकर्स विमानांतून इथून नेतात. गवताची धावपट्टी जेमतेम नऊशे मीटर लांब. ती संपते तिथे ह्युऑनच्या आखाताचं पाणी लागतं.

धावपट्टीच्या आतल्या टोकाला चंदेरी लॉकहीड इलेक्ट्रा उभं आहे. मुळात हे दहा उतारूंचं विमान. आता खुर्च्या काढून त्या जागी इंधनाच्या टाक्या बसवल्या आहेत. आज त्यांत सुमारे १,१०० गॅलन, म्हणजे चार हजार लिटरांहून जास्त इंधन आहे. टाक्यांच्या पलीकडे, शेपटीच्या बाजूला नकाशांचं टेबल. तिथून फ्रेड नूनन बांबूच्या काठीला चिठ्ठी अडकवून ती टाक्यांवरून पुढे सरकवतो. नूनन म्हणजे पॅन अमेरिकन कंपनीसाठी प्रशांत महासागरावरचे हवाई मार्ग आखून देणारा दिशादर्शक. आदल्या रात्री तो प्यायला होता, ही कथा तुमच्या कानांवर आली असेल. नोंद मात्र वेगळीच आहे. आज सकाळी रेडिओवरच्या वेळेच्या संकेताशी त्याचं क्रोनोमीटर ताडून पाहिलं गेलं, आणि ते तीन सेकंद मागे आहे हे टिपून ठेवलं गेलं. तीन सेकंदांचा हिशेब ठेवून निघालेल्या माणसावर झिंगल्याचा आरोप मला पटत नाही.

अमेलियाला नीट पाहून घ्या. आखूड कापलेले केस, चेहऱ्यावर तांबूस ठिपके, सडपातळ बांधा. चाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला आहे. १९२८ मध्ये तिने अटलांटिक ओलांडला तो नुसती उतारू म्हणून, आणि त्या कौतुकाची तिला लाजच वाटायची. ती उणीव तिने मे १९३२ मध्ये भरून काढली, एकटीने अटलांटिक पार करून. तसं करणारी ती पहिली स्त्री. आता विषुववृत्ताच्या कडेकडेने पृथ्वीप्रदक्षिणा चालू आहे. १ जूनला मायामी सोडल्यापासून सुमारे ३५,००० किलोमीटर झाले. उरले अकरा हजार, आणि ते सगळे पाण्यावरचे.

विमान धावू लागतं. इतकं जड की धावपट्टी संपली तरी ते जमिनीलाच धरून आहे असं वाटतं. टोकावरून सुटतं, पाण्याकडे झुकतं, आणि मग लाटांच्या वरून, फार उंच न जाता, पूर्वेकडे निघून जातं. कुणीतरी कॅमेरा फिरवतो आहे. ही काही सेकंदांची फिल्म पुढे लोक वर्षानुवर्षं थांबवून थांबवून पाहणार आहेत, पोटाखालची अँटेना गवतात तुटून पडली का ते शोधायला.

जायचं आहे हाउलंड बेटावर. अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. बेट अडीच किलोमीटरही लांब नाही, रुंदी एक किलोमीटरच्या आत, समुद्रापासून उंची सहा मीटरच्या आसपास. गोडं पाणी नाही, सावली नाही. आहेत ते हजारो समुद्रपक्षी, अमेरिकेने हक्क सांगण्यासाठी आणून ठेवलेले काही हवाईयन तरुण, आणि याच वर्षी तिच्यासाठी साफ करून तयार केलेल्या धावपट्ट्या. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. म्हणजे शुक्रवारी सकाळी दहाला निघून, रात्रभर उडून, पोहोचायचं पुन्हा शुक्रवारी सकाळीच. काळात मागे जाणारे तुम्ही एकटे नाही.

लाएचा रेडिओवाला हॅरी बाल्फोर दुपारभर तिला ऐकत राहतो. संध्याकाळी पाच वाजून अठरा मिनिटांनी ती आपला ठावठिकाणा सांगते. विमान मार्गावर आहे. यानंतर ती रात्रीच्या लहरीवर जाणार, आणि बाल्फोरला पुन्हा काही ऐकू येणार नाही.

आता उडी घ्या ती थेट ‘इटास्का’वर. अमेरिकी तटरक्षक दलाचं हे जहाज हाउलंडला लागून थांबलं आहे. रेडिओची खोली चिंचोळी. यंत्रांची ऊब, हेडफोन लावलेली माणसं, टाइपरायटर, आणि दोन वार्ताहरही घुसलेले. मुख्य रेडिओमन लिओ बेलार्ट्स. घड्याळ जहाजाचं, ग्रिनिचच्या साडेअकरा तास मागे. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा आणि कागदावर काय उमटतं ते पाहा.

पावणेतीनला पहिल्यांदा तिचा आवाज, खरखरीत बुडालेला. आकाश ढगाळ आहे एवढं कळतं. सव्वासहाच्या सुमारास ती सांगते की अंदाजे दोनशे मैल उरले. माझी दिशा काढा, मी मायक्रोफोनमध्ये शीळ घालते. अर्ध्या तासाने शंभर मैल, आणि पुन्हा तीच विनंती. इथे खोलीतल्या माणसांचे चेहरे बघा. ३,१०५ किलोसायकलवर आलेल्या आवाजाची दिशा सांगू शकेल असं यंत्र जहाजावर नाही. नौदलाकडून मागून आणलेलं एक बेटावर मांडलं आहे, पण त्याच्या बॅटऱ्या रात्रीतून उतरत गेल्या आहेत, आणि ती बोलते तीही मोजके क्षण. जहाजाला वाटतं की तिच्याकडे यंत्र आहे, ती आपल्याला शोधेल. तिला वाटतं की जहाजाकडे यंत्र आहे, ते आपल्याला शोधतील. हे तारांतून आधी नीट ठरायला हवं होतं. तारा भरपूर गेल्या, ठरलं मात्र नाही.

सात बेचाळीस. आवाज आता स्पष्ट आणि खणखणीत, सिग्नलची ताकद पाच, म्हणजे सर्वांत जास्त. आम्ही तुमच्या माथ्यावरच असणार, पण तुम्ही दिसत नाही. इंधन संपत आलंय. तुमचा आवाज येत नाही. उंची हजार फूट. बेलार्ट्ससारख्या जुन्या माणसाला यावरून एवढं कळतं की विमान जवळ आहे, अगदी जवळ. जहाजाच्या बॉयलरमधून काळा धूर सोडला जातो. आकाशात काही नाही.

आठच्या ठोक्याला एक विचित्र गोष्ट घडते, आणि या सगळ्या रहस्याची किल्ली कुठे असलीच तर ती इथे आहे, असं माझं मत. ती ७,५०० किलोसायकलवर संकेत मागते. इटास्का मोर्समध्ये ‘ए’ अक्षर पाठवत राहते. आणि ती उत्तर देते: संकेत मिळाला, पण दिशा लागत नाही. रात्रभरात जहाजाचं काहीही तिला ऐकू आल्याचा हा एकमेव पुरावा. दिशा का लागत नाही? विमानावरची कडीच्या आकाराची अँटेना हळूहळू फिरवायची. आवाज जिथे सर्वांत क्षीण होतो त्यावरून दिशा कळते. पण ही युक्ती कमी वारंवारतेच्या लहरींवर चालते. ७,५०० त्या अँटेनाच्या आवाक्याबाहेरचं होतं. तो आकडा सुचवला होता तिनेच.

आठ त्रेचाळीस. आपण १५७–३३७ या रेषेवर आहोत, उत्तर–दक्षिण फिरतो आहोत. हाच निरोप ६,२१० वर पुन्हा सांगते, थांबा. खोलीतली माणसं लहर बदलतात आणि थांबतात. लाए सोडून तिला वीस तास तेरा मिनिटं झाली आहेत. ६,२१० वर कुणीही बोलत नाही.

ती रेषा काय, ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे तर्क तिच्यावरूनच फुटतात. सूर्य उगवताना नूननने सेक्स्टंट लावला असणार. त्या दिवशी तिथे सूर्य ६७ अंशांवर उगवतो. त्याला काटकोनात जी रेषा येते ती १५७–३३७. आपण या रेषेवर कुठेतरी आहोत, एवढंच सूर्य सांगतो. उत्तरेला किती, दक्षिणेला किती, ते सांगत नाही. मग ही रेषा गणिताने पुढे सरकवत बेटावर आणायची आणि तिच्यावरून वर-खाली शोधत राहायचं. खाली विखुरलेले ढग असले की त्यांची प्रत्येक सावली बेटासारखी दिसते.

इथून गर्दी सुरू होते.

पहिला तर्क सर्वांत साधा. इंधन संपलं, विमान पाण्यात पडलं, बुडालं. हाउलंडच्या आसपास समुद्र पाच किलोमीटरच्या घरात खोल आहे. या तर्काला तुम्हांला उतरायला जागाच नाही, कारण तिथे पाहणारं कुणी नव्हतं. वाटल्यास पुढे २०२४ मध्ये या. जानेवारीत ‘डीप सी व्हिजन’ नावाच्या कंपनीने पाण्याखालच्या यंत्राने टिपलेलं सोनारचित्र जाहीर केलं: पंख, शेपूट, सगळं हुबेहूब विमान. जगभर बातम्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये जवळ जाऊन पाहिलं तर तो खडक निघाला. याआधी नॉटिकोस कंपनीनेही त्याच पाण्यात वारंवार शोध घेतला, हाती काही लागलं नाही. वाररेषा ओलांडताना नूननचा एका दिवसाचा घोळ झाला आणि त्यामुळे विमान साठेक मैल चुकलं, असंही काहींचं म्हणणं आहे. गणित म्हणून ते गमतीचं आहे.

दुसऱ्या तर्काला मात्र जागा आहे, आणि तिथे थोडं रेंगाळा. रेषेवरून आग्नेयेला साडेसहाशे किलोमीटर गेलात की निकुमारोरो लागतं, तेव्हाचं गार्डनर बेट. मधोमध उथळ खारं सरोवर, भोवती झाडी, आणि बाहेर ओहोटीला उघडा पडणारा सपाट प्रवाळाचा पट्टा. त्यावर ‘नॉर्विच सिटी’ या मालवाहू जहाजाचा १९२९ पासून गंजत पडलेला सांगाडा. विमान या पट्ट्यावर उतरलं असेल, असं टायगर नावाच्या संस्थेचे रिक गिलेस्पी गेली अनेक वर्षं मांडत आले आहेत. त्यांच्या बाजूने बलवान मुद्दा आहे तो रेडिओचा. २ जुलैनंतरचे कित्येक दिवस पॅन अमेरिकनच्या केंद्रांनी आणि इतरांनी तिच्या लहरीवर काही ऐकल्याच्या नोंदी आहेत. त्यांवरून काढलेल्या काही दिशा या बेटाच्या परिसराकडे जातात. पाण्यात तरंगणाऱ्या विमानातून तो रेडिओ चालणं शक्य नव्हतं. म्हणजे त्यांतला एक जरी संदेश खरा असेल, तर विमान कोरड्यावर होतं. पण खरा होता का? तिच्या लहरी वर्तमानपत्रांतून सगळ्या जगाला कळल्या होत्या, आणि थट्टेखोर तेव्हाही होतेच.

९ जुलैला ‘कोलोरॅडो’ या युद्धनौकेवरून उडालेली तीन विमानं या बेटावरून घिरट्या घालतात. वैमानिक लँब्रेक्ट याला अलीकडच्या वस्तीच्या खुणा दिसतात, पण माणूस दिसत नाही, आणि विमानं पुढे जातात. खुणा कसल्या, याचा तपशील त्याने लिहिला नाही. १९२९ च्या जहाजातून वाचलेल्यांनीही इथेच तळ टाकला होता.

तीन वर्षं पुढे या. १९४० मध्ये ब्रिटिश अधिकारी जेराल्ड गॅलेगर याला इथे माणसाची हाडं सापडतात, सोबत चपलेचा तुकडा आणि सेक्स्टंट ठेवायची पेटी. हाडं फिजीला जातात. १९४१ मध्ये डॉ. हूडलेस मापं घेऊन निकाल देतात: पुरुषाची आहेत. मग हाडं हरवतात. उरली ती मापं. २०१८ मध्ये मानवशास्त्रज्ञ रिचर्ड जॅन्ट्झ यांनी त्याच मापांवरून मांडलं की नमुन्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकांपेक्षा ही हाडं अमेलियाशी जास्त जुळतात. ऐकायला मोठं वाटतं, पण हाडं समोर नाहीत, मापं एकाच माणसाने घेतलेली आणि ऐंशी वर्षांपूर्वीची. २०१९ मध्ये टायटॅनिक शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड इथे आले आणि विमानाचा तुकडाही न मिळता परतले. बेटावर सापडलेला, वर्षानुवर्षं मिरवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचा ठरला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने सरोवरातल्या एका आकृतीसाठी नवी मोहीम जाहीर केली. हेच विद्यापीठ जिथे अमेलिया विद्यार्थिनींना करिअरचं मार्गदर्शन करायची आणि ज्याच्या प्रतिष्ठानाने या विमानासाठी पैसा उभारला. त्यांनी शोधावं, त्यांचा हक्क आहे.

तिसरा तर्क: जपान्यांनी पकडलं. मार्शल बेटांवर उतरली, सायपानला नेली, तिथे मेली. फ्रेड गर्नर यांच्या १९६६ च्या पुस्तकाने याला हवा दिली. सायपानच्या लोकांनी गोरी बाई पाहिल्याचं सांगितलं, पण वीसेक वर्षांनंतर आणि विचारणारा अमेरिकन असताना. २०१७ मध्ये जालुइटच्या धक्क्यावरचा एक फोटो टीव्हीवर झळकला, पाठमोरी बसलेली व्यक्ती म्हणजे अमेलिया, असा दावा. एका जपानी ब्लॉगरने थोडाच वेळ घालवून तोच फोटो १९३५ मध्ये छापलेल्या पुस्तकात दाखवून दिला. म्हणजे ती हरवायच्या दोन वर्षं आधीचा! आणि सर्वांत साधा प्रश्न तसाच उरतो: इंधन संपत आलंय असं सांगणारं विमान तिथून शेकडो मैल वायव्येला कसं जाणार?

चौथ्यासाठी १९७० मध्ये न्यू जर्सीला थांबा, पण दारातूनच बघा. अमेलिया जपान्यांच्या कैदेतून सुटून इथे दुसऱ्या नावाने राहते आहे, असं एका पुस्तकाने छापलं आणि एका जिवंत बाईकडे बोट दाखवलं. त्या बाईंनी पत्रकार परिषद घेऊन संतापाने नाकारलं, कोर्टात गेल्या आणि पुस्तक मागे घेतलं गेलं. तर्क करणाऱ्यांना हरवलेली बाई इतकी प्रिय असते की समोरच्या बाईचं काय होतं, ते दिसत नाही.

मला विचाराल तर समुद्र. पण या सगळ्या तर्कांबद्दल माझी तक्रार निराळी आहे. सगळे आठ त्रेचाळीसपासून पुढे धावतात, आणि पुढे नोंदी नाहीत. नोंदी आहेत त्या मागे. नौदलाने ‘लेक्झिंग्टन’ ही विमानवाहू नौका लावून अडीच लाख चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीएवढा समुद्र पिंजला. तिथे जे नव्हतं ते आपण मागे जाऊन शोधू.

१ जुलै, पुन्हा लाए. चाचणीचं उड्डाण. ती दिशाशोधकावर लाएचं केंद्र धरायचा प्रयत्न करते, जमत नाही. केंद्र फार जवळ आहे, संकेत फार जोरकस आहे म्हणून असेल, अशी समजूत काढली जाते.

२८ जून, डार्विन. दिशाशोधक बंदच आहे. उघडून बघतात तर फ्यूज उडालेला. बदलतात.

जूनच्या मध्याला या. १७ तारखेला कलकत्त्याच्या दमदमवर उतरतानाच पाऊस. पुढे ब्रह्मदेशातल्या अक्याबवरून निघाल्यावर मोसमी पावसाने त्यांना मागे फिरवलं. थेंबांच्या माऱ्याने पंखांच्या कडांचा रंग निघाला. आपल्याकडच्या जून महिन्यात या बाईने छोट्या विमानाने बंगालचा उपसागर पार केला; ती कच्ची वैमानिक होती असं म्हणणाऱ्यांना जरा दमदमला उभं करावं. १५ तारखेला ती कराचीत होती. तांबड्या समुद्रावरून कुठेही न थांबता भारतात आलेलं हे पहिलं उड्डाण, आणि उतरल्यावर तिने उंटावरूनही फेरी मारली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातून निघून जेमतेम वर्ष झालेलं. इथल्याच ड्रिग रोडच्या विमानतळावरून १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन जुहूला उडाले होते. कराचीत काही चुकलं नाही. विमान ठीक, वैमानिक ठीक.

मेचा शेवट, मायामी. इथे थांबा. शेपटीमागे सोडायची लांब तारेची अँटेना काढून टाकली जाते आहे. ती सोडायची, गुंडाळायची, कटकट, शिवाय वजन. पण ५०० किलोसायकल ही जहाजांची नेहमीची लहर, जिच्यावरून इटास्काने तिची दिशा सहज काढली असती, ती या तारेविना जवळपास निरुपयोगी होती. मोर्सची कळही इथेच राहते. दोघांनाही मोर्स धड येत नव्हतं, मग वजन कशाला वाहायचं? हा निर्णय तिचा होता. तिला देवी करणाऱ्यांना हे रुचत नाही, आणि तिला हेर ठरवणाऱ्यांना त्याची गरज वाटत नाही.

मग मोर्स येणारा माणूस नव्हताच का? होता. २० मार्च १९३७, होनोलुलूजवळचं ल्यूक फील्ड, पहाट. पहिल्या प्रयत्नात प्रदक्षिणा पश्चिमेकडे निघाली होती: ओकलंडहून हवाई, तिथून हाउलंड, सुमारे तीन हजार किलोमीटर, लाएहूनच्या अंतरापेक्षा पुष्कळ कमी. विमानात तिच्यासोबत दोघे. एक नूनन. दुसरा हॅरी मॅनिंग, जहाजाचा कप्तान, रेडिओ आणि मोर्स दोन्हींत तरबेज, हाउलंडच्या पुढेही सोबत असणारा. विमान धावतं, वळतं, चाकं मोडून पोटावर घसरतं, ठिणग्या उडतात. कुणाला इजा नाही. विमान बोटीने कॅलिफोर्नियाला दुरुस्तीला जाणार, महिने जाणार, हवामान बदलणार, म्हणून दिशा उलटी होणार, आणि हाउलंड अगदी शेवटी येणार.

मॅनिंगने आपल्या जहाजावरून रजा काढली होती. ती पुरणार नव्हती. तो परत गेला. दुसऱ्या खेपेला त्याच्या जागी कुणी घेतलं नाही. जुलै १९५२ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ या नव्या जहाजाने अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा विक्रम केला, तेव्हा त्याचा कप्तान हॅरी मॅनिंग होता.